हळदीचा डाग आणि लाल चंद्र

लॉन्ड्रीच्या अंगणात त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वाळत घातलेल्या चादरी बाजूला सारून लोक दाटीने उभे होते, इस्त्रीवाले इस्त्र्या बंद करून आले होते आणि मधोमध खुर्चीवर छायाबाबा बसले होते. संध्याकाळी खग्रास चंद्रग्रहण होतं. त्याआधी कुणाच्या अंगावर छाया आहे ते बाबा सांगणार होते. सांगणं फुकट होतं, छाया काढणं मात्र फुकट नव्हतं.

“चंद्र बोलत नाही, माई,” डोळे मिटून बाबा लॉन्ड्रीच्या मालकीणबाईंना म्हणाले, “चंद्र रंगतो! निर्मळ माणूस शिवला तर चंद्रवस्त्र पिवळं राहतं. छाया असली की ते रक्त ओकतं!”

चंद्रवस्त्र म्हणजे अत्तराने घमघमणारा एक पिवळा रुमाल. पुढ्यात पाण्याचे दोन वाडगे होते. माणसाने रुमालाला हात लावायचा आणि बाबांनी तो बुडवायचा.

आधी मालकीणबाईंची थोरली सून पुढे झाली. गेली चौदा वर्षं डाग काढायच्या टेबलाशी तीच उभी असायची. रुमाल पिवळाच राहिला. “निर्मळ!” बाबा गरजले. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघू लागले आणि खरं सांगायचं तर तिला ते फार आवडलं.

मग धाकटी जाऊ आली, सात महिन्यांची पोटुशी. बाबांनी रुमाल दुसऱ्या वाडग्यात बुडवला आणि तो लालभडक झाला. सासूबाई मटकन खालीच बसल्या.

थोरलीला मात्र त्याच क्षणी कळलं. हॉटेलांचे टेबलक्लॉथ रोज तिच्याच हातांखालून जात. हळदीच्या डागाला धुण्याचा सोडा लागला की तो अस्साच लाल होतो. अत्तराच्या आडून हळदीचा वासही येत होता आणि बाबांची नखं पिवळी होती. तिने तिथेच बोलायला हवं होतं, पण ती बोलली नाही.

का नाही बोलली? कारण खिडकीजवळची तिची खुर्ची धाकटीला दिली गेली होती. सोड्याने थोरलीच्या हातांची सालं निघाली तेव्हा कुणी ‘दमलीस का’ म्हणून विचारलं नव्हतं, आणि धाकटीने नुसती जांभई दिली तरी घर धावत होतं. लग्नाला दोन वर्षं नाही झाली आणि पोट पुढे करून चालते! थोरलीची कूस उजवली नव्हती. ते पोट दिसलं की तिच्या जिवाचा जळफळाट व्हायचा. बरं झालं, तिने मनात म्हटलं, एक दिवस तरी हिचं कौतुक थांबेल.

“ग्रहण सुटेपर्यंत अंधाऱ्या खोलीत!” बाबांनी फर्मावलं. “पाण्याचा थेंब नको. नंतर मी वस्त्र पिवळं करून देईन.”

बिनखिडकीची खोली एकच होती, बॉयलरच्या भिंतीला लागून असलेलं चादरींचं कोठार. धाकटीला तिथे ठेवून सासूबाईंनी बाहेरून कडी घातली.

संध्याकाळी चंद्र उगवला आणि हळूहळू त्याची कड खाल्ल्यासारखी दिसू लागली. अंगणात लोक माना वर करून उभे होते. तासाभराने थोरली कोठारावरून जात असताना आतून आवाज आला, “ताई, तुम्हीच ना? घोटभर पाणी द्या ना. डोकं गरगरतंय.”

“थोडाच वेळ राहिलाय,” थोरली म्हणाली आणि वळली.

“बरं. तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असेल. तुम्ही निर्मळ आहात ना.”

त्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि तेच थोरलीला सोसवेना. तिने कडी काढली. धाकटी घामाने निथळत होती, ओठ सुकून गेले होते. थोरलीने तिला बसवून सावकाश दोन पेले पाणी पाजलं आणि हाताला धरून अंगणात आणलं. एकच गलका झाला.

“अगं, वैरीण आहेस का तिची?” सासूबाई ओरडल्या.

“होते, आई. दुपारपासून होते.”

तिने ढिगातून हळदीचा डाग पडलेला एक टेबलक्लॉथ ओढला आणि त्यावर सोड्याचं पाणी शिंपडलं. डाग लाल झाला. वर लिंबूसत टाकलं, तो पुन्हा पिवळा झाला. “याला कुठली छाया लागली होती, बाबा?”

बाबा वाडगे उचलू लागले. एका इस्त्रीवाल्याने दुसऱ्या वाडग्यात बोट घालून चोळलं. “बुळबुळीत! सोडाच की हो!”

“तीस वर्षं लॉन्ड्री चालवतेय मी,” सासूबाई पुटपुटल्या. बाबांनी तोवर फाटक गाठलं होतं.

“मग चंद्र का लाल झाला?” वर पुरता झाकोळून तांबडा झालेल्या चंद्राकडे बोट दाखवत कुणीतरी विचारलं.

“पृथ्वी मध्ये आली, तिची सावली पडलीय त्याच्यावर,” थोरली म्हणाली. “ आपल्या हवेतून वळून जो तांबूस उजेड तिथवर पोचतो, तेवढाच दिसतोय. आपल्या घरात कोण पोटुशी आहे, हे त्या चंद्राला ठाऊकही नाही.”

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन धाकटीला तपासलं. बाळ ठीक होतं. मग खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून धाकटी चंद्र बघत राहिली, थोरलीचा हात हातात घेऊन.

“ताई, तुम्हाला कधी कळलं?”

“दुपारीच.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझा हेवा वाटला म्हणून.”

धाकटीने हात काढून घेतला. थोरलीने तो पुन्हा धरला नाही.

बाबाने फसवलं ते हळद आणि सोडा घेऊन. पण ती फसवणूक सात तास टिकली, ती जिला खरं माहीत होतं तिच्या गप्प बसण्यावर. म्हणून चमत्कार दिसला की रुमाल हुंगा, पाण्यात बोट घाला, प्रश्न विचारा. आणि उत्तर तुम्हाला माहीत असेल तर तिथल्या तिथे बोला. माणूस कितीही नावडता असो, दाराआड त्याला तहान लागलेली असते.