वर्गफोटोतली पाटी

मित्रांनो, वर्गाच्या फोटोत पहिल्या रांगेतल्या मुलीच्या मांडीवर एक काळी पाटी असायची ना, ती मी. आता जुनी झाले आहे. माझी चौकट एका सुताराने केली आणि चित्रकलेचे सर दरवर्षी माझ्यावर खडूने दोन सालं लिहीत, मध्ये आडवी रेघ. मुलं विचारत, "एका वर्षाला दोन सालं कशाला?" सर म्हणत, "आपलं वर्ष एका सालात मावत नाही, बाबांनो."

त्या वर्षी पाचवीत भिंगरी होती. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून हे नाव. डिसेंबरच्या शेवटी तिचे बाबा कार्यालयात आले. ते वेल्डर होते. दूरच्या गावी बरं काम मिळालं होतं.

"बाई, वर्ष संपलं. पोरीचा दाखला देऊन टाका."

मुख्याध्यापिकाबाईंनी मला कपाटावरून खाली घेतलं. "भिंतीवरच्या कॅलेंडरचं संपलं हो. आमचं हे दुसरं साल अजून लागलेलंही नाही. परीक्षा झाली की आमचं वर्ष संपतं. आत्ता नेलीत, तर तिकडे तिला पुन्हा पाचवीत बसवतील."

भिंगरी दाराशी उभी होती. आज ती जागची हलली नाही. बाबांनी माझ्यावरच्या रेघेवरून जाडं बोट फिरवलं. खडू पुसला गेला, पण मला राग आला नाही.

"तिला आईविना मीच वाढवलंय," ते हळूच म्हणाले. "आत्याकडे ठेवतो. मी पुढे जातो."

फोटोच्या दिवशी मी भिंगरीच्या मांडीवर होते. फोटोवाला म्हणाला, "सगळ्यांनी इकडे बघा." तेवढ्यात त्याच्या मागे बाबा येऊन उभे राहिले, थेट त्या दूरच्या गावाहून. अंगावर कामाचेच कपडे, हातात पिशवी.

आता सालं संगणकावर छापतात आणि मी अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्यांमागे पडून आहे. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? कधी सवड झाली, तर माझ्यावरची धूळ झटका. पण त्याआधी तो जुना फोटो बघा. सगळा वर्ग कॅमेऱ्याकडे बघतो आहे. एकटी भिंगरी जरा बाजूला बघते आहे, आणि सगळ्यांत जास्त तीच हसते आहे. मित्रांनो, तुमचं वर्ष पुरं व्हावं म्हणून जे फोटोबाहेर उभे राहिले, त्यांना जपा.