उरेब कापलेला टाय

देवळाली प्रवऱ्यात ज्या घरात टाय आहे, त्या घरात तो लग्नातला आहे, आणि त्याची गाठ सूटवाल्या दुकानदारानं मारलेली आहे. ही गाठ सोडायची नसते. सोडली तर परत मारणार कोण, एवढंच त्यामागचं शास्त्र. नवरदेव ती सैल करून मुंडक्यातून घालतो, ओढून घट्ट करतो, आणि सगळं आटोपल्यावर तशीच काढून कपाटात अडकवतो. पुढं त्याच फासात धाकटा भाऊ, साडू, साडूचा पुतण्या असे सगळे पाळीपाळीनं मान घालतात.

बिभीषण मुसमाडेचा टाय अकरा वर्षांचा होता आणि पाच लग्नं पाहून आला होता. रविवारी सकाळी त्यानं तो आरशासमोर गळ्यात घातला, कारण सोमवारी अकरा वाजता त्याच्या नोकरीचा निकाल होता.

नागापूरच्या एमआयडीसीत त्याची कंपनी पिठाच्या गिरण्यांना लागणारे पट्टे बनवायची. आत रबर, बाहेरून कापडाचं वेष्टन. बिभीषण तिथं नऊ वर्षं तपासनीस होता. गेले चार महिने पट्टे परत येत होते. गिरणीवर चढवले की आठवड्याभरात पीळ खायचे आणि चाकातून उलटे व्हायचे. बिभीषणनं रबर तपासलं, भट्टीचं तापमान तपासलं, सूत तपासलं. सगळे अहवाल उत्तम आले. पट्टे तेवढे पिळत राहिले.

"सोमवारी नाशिकची पार्टी येतेय," मॅनेजर धनवटे साहेब म्हणाले होते. "कारण सांगायचं. टाय घालून सांगायचं. कारण नसेल तर मंगळवारपासून गोडाऊनला खोकी मोजायची."

आरशात टाय उजवीकडं वळला होता. बिभीषणनं तो सरळ केला. टाय परत वळला. त्यानं ओला हात फिरवला, रेश्माकडून इस्त्री फिरवून घेतली. टायनं दोन मिनिटं मान राखला आणि पुन्हा कूस बदलली.

"अकरा वर्षं असाच वळतोय," रेश्मा म्हणाली. "लग्नाच्या फोटोतसुद्धा तो शेजारच्या पाहुण्यांकडंच बघतोय."

"पण का वळतो?"

"अहो, आता त्याचं कारण शोधताय? पट्ट्याचं शोधा की!"

बिभीषणचा हात तोवर गाठीकडं गेला होता. तपासनिसाच्या बोटांना हा रोगच असतो. गाठ सुटली. आतलं कापड दोरीसारखं चुरगळलेलं होतं, आणि त्या जागी टाय काही केल्या सपाट होईना.

"सोडली?" रेश्मानं कपाळाला हात लावला. "माझ्या भावाच्या साखरपुड्याला काय घालणार होतात?"

बिभीषणनं टाय पिशवीत टाकला आणि मोटरसायकलवरून बेलापूर गाठलं. लग्नाचा सूट गनीभाईंनी शिवला होता. टाय मात्र त्यांनी शिवला नव्हता, हे त्यांनी टाय पाहताक्षणी दोनदा सांगितलं.

"आमचा न्हाई हा. आमी शिवला असता तर असा वागला नसता."

गनीभाईंनी तरुणपणी पुण्याच्या कँपात तेरा वर्षं सूट शिवले होते, आणि बेलापुरात आल्यापासून जास्त करून शाळेच्या चड्ड्या. त्यांनी टाय मधोमध एका बोटावर टाकला आणि दोन्ही टोकं खाली सोडली. टोकं सावकाश फिरली, जत्रेतल्या पाळण्यासारखी.

मग त्यांनी मशीनच्या खणातून एक निळा टाय काढला. "एका डॉक्टरसाठी शिवला हुता. डॉक्टर बदली हून गेले, टाय ऱ्हायला." त्यांनी तो बोटावर टाकला. निळा टाय लोंबला आणि गप्प राहिला.

"ह्यात काय वेगळं आहे, चाचा?"

"धर." गनीभाईंनी निळ्या टायचं टोक त्याच्या हाती दिलं. "वढ लांबीत. हळू!"

टाय रबरासारखा थोडा लांबला, आणि सोडल्यावर परत आला. बिभीषणनं आपला ओढला. तो तसूभरही हलला नाही. जोर केला तशी मागची शिवण टरकन उसवली.

"झालं!" गनीभाई खूश झाले. "बरं झालं, आत बघता येईल."

त्यांनी कात्रीच्या टोकानं टाय उघडला. आत अस्तराच्या जागी पुठ्ठ्यासारखा कडक बुकरम निघाला. त्यावर अकरा वर्षांच्या गाठीच्या घड्या पडून तो जागोजागी मोडला होता.

"इथं लोकरीचं अस्तर पायजे. गाठ सुटली की लोकर उभी ऱ्हाती, बुकरम मोडतो. आन ही शिवण बघ, मशीनची, गच्च. निळ्याला मागं एकच लांब धागा हाय, हातानं घातलेला, ढिला. टाय वढला की तो सरकतो, म्हणून शिवण तुटत न्हाई." ते थांबले, चष्मा वर केला. "पर वळण्याचं कारण ते न्हाई. वळतो तो कापल्यामुळं. हा सरळ धाग्यावर कापलाय. निळा उरेब हाय."

"उरेब म्हणजे तिरका?"

"कोपऱ्यातून कोपऱ्यात. लेडीज ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावत्यात तशी. उरेब कापड वाकतं, ताणतं, परत जागेव येतं. सरळ कापलेलं वाकवलं की भांडतं."

बिभीषणनं दोन्ही टाय हातात घेतले, वाकवले, सोडले. असं त्यानं सात-आठ वेळा केलं. दुकानात बसलेल्या एका बाईनं गनीभाईंना खुणेनं विचारलं, हे बरे आहेत ना?

"चाचा, सरळ कापतातच का मग?"

"कापड वाचतं की. उरेब कापलं तर कोपरे वाया."

हे ऐकल्यावर बिभीषण खाली बसला. कंपनीत पट्ट्यांच्या वेष्टनाचं कापड पूर्वी तिरकं कापत. धनवटे साहेबांनी फेब्रुवारीत ते सरळ कापायला लावलं आणि नऊ टक्के कापड वाचवलं. त्याबद्दल त्यांना कंपनीचा बचत पुरस्कार मिळाला होता, आणि तो मीटिंगच्या खोलीत, नेमका बोलणाऱ्याच्या समोर, भिंतीवर टांगलेला होता.

निघताना त्यानं निळा टाय मागितला. "बांधून द्याल का?"

"आमी शिवतो," गनीभाई ताठ होऊन म्हणाले. "बांधायचे डॉक्टर सोता."

सोमवारी अकराला बिभीषण उघड्या कॉलरनं खोलीत शिरला.

"टाय कुठाय?" धनवटे साहेब पुटपुटले.

"आणलेत सर. दोन आणलेत."

नाशिकहून पुष्पावती मॅडम आल्या होत्या. त्यांनी चहा नाकारला होता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. बिभीषणनं पिशवीतून फाटका टाय काढला, मग निळा, आणि दोन्ही त्यांच्या हातात दिले. "मॅडम, ओढून बघा." मग परत आलेला एक पट्टा सोलून त्याचं कापड दिलं. "आता हे. हा धागा लांबीत चाललाय. चाकावर पट्टा वाकतो, कापड वाकत नाही. ते पिळून वाट काढतं."

मॅडमनी तिन्ही ओढून पाहिले. निळा दोनदा.

"सरळ कधीपासून कापताय?"

धनवटे साहेब बिभीषणकडं बघत होते. ही नजर गोडाऊनची होती, हे तो ओळखून होता. भिंतीवर पुरस्कार होता, त्यावर तारीखही होती. पण बोट दाखवायची गरज नव्हती.

"फेब्रुवारीपासून," तो म्हणाला. "आणि पट्टे मार्चपासून परत येतायत."

मॅडमनी लिहून घेतलं. "गुरुवारपर्यंत पन्नास पट्टे तिरक्या कापडाचे करा. तपासून सही यांची पाहिजे. दुसऱ्या कोणाची सही असेल तर माल उतरवून घेणार नाही."

धनवटे साहेबांनी घसा साफ केला. "अर्थात. मी तेच सुचवणार होतो."

दुपारी बिभीषण कटिंगच्या टेबलावर उभा होता. कापडावर कोपऱ्यातून कोपऱ्यात खडूची रेघ मारली तेव्हा कारागीर एकमेकांकडं बघू लागले, पण कात्री चालली. टेबलाखाली त्रिकोणी कोपऱ्यांचा ढीग वाढत गेला. साहेब येऊन त्या ढिगापाशी बराच वेळ उभे राहिले, आणि शेवटी एक कोपरा उचलून म्हणाले, "मुसमाडे, ह्याचं काय करता येईल?"

"माहीत नाही, सर," बिभीषण म्हणाला. त्यानं तो कोपरा घेतला, आधी उभा ओढला, मग आडवा, मग तिरका, आणि बघत राहिला.