तान्हीचं खुणेचं नाव

ते २००६ साल होतं. ताइपेतला संगणकांचा बाजार त्या वर्षी पुलाखालून उठवून तात्पुरत्या पत्र्याच्या गाळ्यांत बसवला होता. उन्हाळ्यात श्यू-लुआन आणि तियेन-फू यांची लेक पेइ-जेन तिकडे कॅनडात बाळंत झाली. मुलगी झाली. कागदावरचं नाव आईबापांनी ठेवलं. खुणेचं नाव ठेवायचं होतं आजोबांनी.

तियेन-फूला जन्मापासून ऐकू येत नसे. त्याच्यासारख्या माणसांत नाव म्हणजे हाताची एक खूण, आणि ती ठेवायची ती माणसाकडे नीट पाहून. श्यू-लुआनचं नाव हनुवटीवरचा तीळ, पेइ-जेनचं कपाळावरचा भोवरा. श्यू-लुआनला ऐकू येई, त्यामुळे ती लेकीशी फोनवर हवं तेव्हा बोले. बाप-लेकीचं बोलणं मात्र रविवारी सकाळी संगणकाच्या पडद्यावर, हातांनी चाले.

आणि बाळ पहिल्यांदा दाखवायचं नेमक्या त्याच रविवारी पडद्यावर हिरव्या-गुलाबी रेघा उमटल्या. पेइ-जेनने बाळ कॅमेऱ्यापुढे धरलं, तर बाळाच्या जागी नुसत्या चौकटी.

"ह्या फरशीला काय नाव ठेवू?" तियेन-फूचे हात म्हणाले. मग तो उठून गॅलरीत जाऊन बसला. पाहिल्याशिवाय नाव ठेवायचं नाही, हे त्याचं ठरलेलं होतं. पुढच्या रविवारी तरी दिसेल, असं श्यू-लुआनने लेकीला फोनवर सांगितलं आणि तिला स्वतःलाच धाकधूक लागली.

तिने आपल्या परीने उपाय केला. यंत्राने हूडपणा करू नये म्हणून त्याच्यापाशी हिरव्या पुडीतला मक्याचा खाऊ ठेवायचा, हा तिथला रिवाज. बँकेत ठेवतात, इस्पितळात ठेवतात. पुडी हिरवीच हवी आणि ताजी हवी. तिची एक पुडी आधीपासून होतीच, तिने आणखी दोन ठेवल्या. रेघा वाढल्या.

शनिवारी सकाळी तियेन-फूने स्कूटर काढली. मागे श्यू-लुआन, आणि दोघांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळलेला संगणकाचा डबा. बाजारात बाओ-जू नावाच्या बाईचा दुरुस्तीचा गाळा होता. चाळिशीची, जिभेला धार असलेली बाई.

"काय झालं ह्याला, मावशी?"

"रेघा येतात गं. पुड्या वाढवल्या तरी येतात."

"देवाला विचारलंत?"

"विचारलं ना."

"म्हणजे देवाने हात टेकले म्हणून माझ्याकडे. बघू."

तिने डबा आपल्या पडद्याला जोडला. रेघा. वायर बदलली. रेघा. बंद करून पुन्हा चालू केला, तर सुरुवातीला उमटणारी पांढरी अक्षरंसुद्धा फुटकी. "आतलं बाकी सगळं ठीक आहे," ती म्हणाली. "चित्र काढणारं कार्ड गेलंय." तिने बाजूचा पत्रा उघडला. कार्डावरचा छोटा पंखा धुळीच्या बोळ्याने जाम झाला होता, आणि त्याच्या शेजारचे बारके डबे डोक्यावर फुगले होते. "पंखा कधी थांबला?"

"ते नाही ठाऊक. मध्यंतरी फार घरघरायचं. मी पुडी ठेवली आणि गप्प झालं बघ. त्यानंतर कसं शहाण्यासारखं!"

काय चाललंय म्हणून तियेन-फूने विचारलं. तिने हातांनी सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला आणि त्याचे हात भराभर चालले.

"काय म्हणतायत काका?"

"म्हणतात, डब्यावर तळवा ठेवला की दोन थरथरी लागायच्या, त्यातली एक बंद झाली, हे तुला तेव्हाच सांगितलं होतं." श्यू-लुआन ओशाळली. "सांगितलं होतं खरं. मला वाटलं, गुण आला."

बाओ-जू इतकी हसली की शेजारच्या गाळ्यातला माणूस वाकून बघायला लागला. "आणि पुडी ठेवलीत कुठे?"

"मागे, भिंतीच्या फटीत. पुढे ठेवली की हे फोडून खातात."

"अहो मावशी, गरम वारा मागूनच बाहेर पडतो! त्याच्या नाकावर उशी दाबलीत, एक नाही, तीन! माझी बघा, पुडी आहेच, पण वर ठेवलीय."

मग तिने खणात हात घातला आणि तिचं हसू मावळलं. ह्या जुन्या खाचेत बसणारं कार्ड आता येईनासं झालं होतं. शोधावं लागेल, म्हणाली, पुढच्या आठवड्यात मिळेल.

"उद्या सकाळी नात दाखवणार आहेत," श्यू-लुआन म्हणाली. "ह्यांनी तिला पाहिलेलंच नाही. पाहिल्याशिवाय नाव ठेवायचे नाहीत. मी ऐकून तरी समजते, ह्यांना दुसरी वाट नाही."

बाओ-जूने तियेन-फूकडे पाहिलं. तिच्या गल्ल्याशेजारी तिचा स्वतःचा संगणक होता, त्यावर दिवसभर मालिका चालायची. तिने तो बंद केला, स्क्रू काढला आणि कार्ड उपसलं. "जुनंच आहे, पण पंखा धडधाकट आहे."

"अगं, मग तू काय करशील?"

"चार दिवस गिऱ्हाइकांची तोंडं बघीन. त्यांनाही बरं वाटेल."

अंगातली वीज उतरावी म्हणून तिने हात लोखंडाला लावून घेतला, कार्ड खाचेत कट् आवाज येईपर्यंत दाबलं, पत्र्याला आवळलं. पडदा लागला, स्वच्छ. कॅमेरा जोडून ती तियेन-फूला म्हणाली, "काका, बोला काहीतरी." त्याने हात हलवले. बोटन् बोट वेगळं दिसत होतं.

"काय म्हणाले?"

"तुझ्या हाताला यश आहे, म्हणाले."

 बाओ-जू उगाच टॉवेलाची घडी घालू लागली.

रविवारी पेइ-जेन दिसली, पण दोन्ही हातांत बाळ, त्यामुळे तिला बोलताच येईना. जावयाने बाळ घेतलं आणि कॅमेऱ्याजवळ आणलं. तियेन-फूने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि पाहत राहिला. बाळ झोपेत होतं. पाहता पाहता बाळाने जांभई दिली आणि नाकाची एकच बाजू चुरगळली. तियेन-फूने करंगळी नाकाच्या त्या बाजूला टेकवून वाकवली, दोनदा. तिकडे पेइ-जेनने तसंच केलं. इकडे श्यू-लुआननेही केलं, आणि मग तिने बाजाराच्या दिशेने हात जोडले.

शरदातल्या पौर्णिमेच्या सणाला दोघं पपनसांची पिशवी घेऊन बाओ-जूकडे गेले. पुढे ते दर वर्षी जात राहिले. ते कार्ड चांगलं टिकलं. शेवटी डबाच जुना झाला. बाजार नव्या इमारतीत गेला तशी बाओ-जूही गेली. तियेन-फूने तिला कामापुरत्या खुणा शिकवल्या आणि ऐकू न येणारी गिऱ्हाइकं तिच्याकडे लांबून येऊ लागली. आता गाळा मोडून ती बहिणीपाशी ह्वालियेनला राहते. तियेन-फू २०१७ च्या हिवाळ्यात गेला. पेइ-जेन तिकडेच आहे, केस पिकलेत. नात कॉलेजात शिकते. खुणांनी बोलणारं कुणी भेटलं की आधी करंगळी नाकाशी नेते. श्यू-लुआन जुन्याच घरात असते. अमावास्या-पौर्णिमेला उदबत्ती लावून घरच्यांसाठी मागणं मागते, आणि त्या घरच्यांत बाओ-जूचं नाव घेते.