बाईच्या तोंडाची गाय

“मंग त्यानं तोंड उघडलं व्हतं, का मिटून?” सोजरबाईने विचारलं.

रूपाबाई उंबऱ्याबाहेर उकिडवी बसली होती. तांड्यावरून ती उठल्या उठल्या आली होती. तोंड धुतलं नव्हतं, वाटेत कोणी हाक मारली तरी ओ दिली नव्हती. पहाटे तिला स्वप्नात विहिरीतून एक जनावर वर येताना दिसलं होतं. सोंड हत्तीची, अंग माशाचं, पाय सुसरीचे.

“मिटूनच व्हतं,” रूपाबाई आठवून म्हणाली. “पण माह्याकडं पाहून राह्यलं व्हतं.”

“पाहू दे. गंगामायचं वाहन हाय ते. तोंड मिटून वर येते तवा मांगाले येत नाई, द्याले येते. तुमच्या तांड्याच्या विहिरीचं पानी यंदा आटत नाई, जाय.”

रूपाबाईचा जीव भांड्यात पडला. आता बोलायला मोकळी झाल्यामुळे तिने आधी घागऱ्याला चोच मारणाऱ्या कोंबडीला दोन शिव्या दिल्या, मग सोजरबाईच्या पाया पडली आणि गेली.

जऊळक्यात आणि आसपासच्या तांड्यांत एक समजूत होती. स्वप्न म्हणजे कच्चं मडकं. पहिला हात ज्याचा लागेल तसा त्याला आकार येतो. अर्थाचा पहिला शब्द ज्याच्या तोंडून निघेल, तसंच घडतं. म्हणून स्वप्न, त्यातही देवादिकांच्या जनावरांचं स्वप्न, वाटेल त्याच्यापुढे सांगायचं नाही. पारावर सांगितलं आणि एखाद्या टवाळाने ‘आता मरतं तू’ म्हटलं, की कारभार आटोपला. त्यासाठी चांगल्या जिभेचं माणूस गाठायचं. गावात ती जीभ सोजरबाईच्या सासूची होती. सासू गेल्यावर सोजरबाईची झाली.

सासूने दिलेले अर्थ तिला पाठ होते. शेषनाग म्हणजे वंश, गरुड म्हणजे दूरचा निरोप, पंखांचा घोडा म्हणजे मान. पण हातोटी अर्थांत नव्हती, प्रश्नांत होती. ती विचारत विचारत जायची आणि स्वप्नातली एखादी बरी खूण हाताला लागली की तिथेच थांबायची. तोंड मिटलेलं होतं ना, झालं तर. डोळे लाल होते, मागे धूर होता, ते सारं ती सोडून द्यायची. तिला कधी कोणी खोटारडी म्हटलं नाही, कारण तिच्या अर्थांत काहीही बसायचं. जानराव म्हाताऱ्याला पंखांचा घोडा दिसला तेव्हा तिने मान मिळेल असं सांगितलं होतं. महिनाभरात त्याच्या पायात बाभळीचा काटा मोडला, पाय भोपळ्यासारखा सुजला आणि चौघांनी त्याला बाजेवर घालून वैद्याकडे नेलं.

“चौघाच्या खांद्यावर गेलो अन् जित्ता परत आलो,” जानराव पारावर सांगायचा. “याच्याहून मोठा मान राजालेबी भेटत नाई.”

एकच घर तिच्या दारी येत नव्हतं आणि ते अंगणातल्या कुडाच्या कुंपणापलीकडचंच होतं.

तुळसाबाई ही तिची थोरली जाऊ. दोघींचेही नवरे लवकर गेले. शेतं लागून होती आणि दोन्ही घरांत मिळून बैलजोडी एक. तुळसाबाईची एकुलती मुलगी मनकर्णा अनसिंगला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी ठेवून घेतलं. तिचे दिवस भरत आले असताना तुळसाबाईला स्वप्न पडलं. लेकीच्या घराच्या आढ्यावर एक पक्षी बसला होता. तोंड बाईचं, अंग पाखराचं, आणि तो गात होता. सकाळी तिने अनसिंगला जायला गाडी जुंपली आणि निघण्याआधी कूड ओलांडून सोजरबाईला स्वप्न सांगितलं.

गात होता, एवढं सोजरबाईला पुरलं. घरात पाळणा म्हटला जाईल, पोरगी सुखाने सुटेल, असं तिने सांगितलं. तुळसाबाईने हसून जुंपलेली गाडी सोडली आणि जाणं पुढे ढकललं. पेरणीचे दिवस होते. बैल त्या दिवशी सोजरबाईच्या शेतात चालले.

मनकर्णा त्याच आठवड्यात बाळंतपणात गेली. शेवटी शेवटी ती दाराकडे पाहून माय आली का विचारत होती, असं निरोप आणणाऱ्याने सांगितलं. त्याने ते सांगायला नको होतं.

तुळसाबाई भांडली नाही, की चारचौघांत बोलली नाही. तिने फक्त सोजरबाईशी बोलणं सोडलं. पुढे बैलही वेगळे झाले. दोन्ही घरांत वावर राहिला तो सोजरबाईच्या मुलाचा, इंद्रभानचा. तो चुलतीला मोठी माय म्हणायचा, कुडावरून उडी मारून तिच्या चुलीपाशी जाऊन बसायचा आणि इकडे येऊन पुन्हा जेवायचा. त्याला कोणी अडवलं नाही. वाढला तसा तो वाशीमला कापसाच्या एका जिनात कामाला लागला.

अशी पाच वर्षं गेली. १९१८ साल आलं. पावसाने ओढ दिली, ज्वारी गुडघ्याएवढीच राहिली आणि दसऱ्याच्या आसपास मानमोडी तापाची साथ आली. माणूस सकाळी अंग मोडून आल्याचं सांगायचा आणि परवा तेरवा उचलावा लागायचा. बाजार भरेना. सोजरबाईच्या दारात सकाळी बायका थांबून राहू लागल्या. प्रत्येकीला काहीतरी दिसत होतं. ती प्रत्येकीला बरा अर्थ देत होती आणि संध्याकाळी त्यातल्या कुठल्या ना कुठल्या घरातून रडणं ऐकू येत होतं. तरी दुसऱ्या दिवशी बायका येतच. दुसरीकडे जाणार कुठे?

वाशीमहून इंद्रभानचा निरोप बरेच दिवस नव्हता. येणारे-जाणारे थांबले होते. वाशीमहून टपालाची घोडागाडी यायची, पण तिच्यातून क्वचितच कोणी उतरायचं.

त्यातच सोजरबाईला स्वप्न पडलं. अंगणात गाय उभी होती. पंख पांढरे, तोंड बाईचं. कासेतून दूध आपोआप गळत होतं, खालची माती भिजून काळी झाली होती. वासरू कुठेच नव्हतं.

ती उठून बसली. अर्थ तिला येत होता. ही कामधेनू, मनातलं पुरं होणार. किती जणींना तिने हा अर्थ दिला होता आणि त्यांतल्या एकीलाही वासराचं विचारलं नव्हतं. पण स्वतःच्या स्वप्नाला स्वतःचं तोंड चालत नाही, हे सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पहिला शब्द दुसऱ्या कोणाच्या तोंडून यायला हवा होता. तो चांगला आला तर इंद्रभान धडधाकट असणार होता, यात तिला शंका नव्हती.

तोंड न धुता ती बाहेर पडली. विहिरीवर कोणीतरी हटकलं, “सोजरामाय, कुठं चालली इतक्या सकाळी?” तिने उत्तर दिलं नाही. तांडा रोगाच्या भीतीने रानात पांगला होता, म्हणून रूपाबाईचा विचार तिने सोडला. ती जानरावाकडे गेली. म्हातारा घोंगडी पांघरून उन्हात बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि घोंगडी आणखी ओढून घेतली.

“तुले समजत नाई तं मले काय समजन, बाई,” तो म्हणाला. “अन् माह्या तोंडून वाकडं निघालं, तं पोट्ट्याचं पाप माह्या डोक्शावर. मले नोको सांगू.”

गुरवाने तिला पायरीवरूनच परत लावलं. त्याच्या घरात सुतक होतं. आणखी दोन दारं तिने पाहिली. जिला तिने जन्मभर चांगलं सांगितलं, तीही पहिला शब्द बोलायला तयार नव्हती.

शेवटी ती कुडाच्या फटीतून पलीकडे गेली.

तुळसाबाई अंगणात उडीद पाखडत होती. तिने मान वर केली, जावेला पाहिलं आणि पुन्हा सूप हलवू लागली.

“बाई, मले स्वप्न पडलं,” सोजरबाई म्हणाली.

“दुसरं कोणी भेटलं नाई म्हनून आली.”

“हो.”

सुपाचा आवाज चालूच होता. “सांग,” तुळसाबाई म्हणाली.

सोजरबाईने सांगितलं. काही गाळलं नाही. अर्ध्यावर सूप थांबलं.

“वासरू व्हतं का?”

“नाई.”

“हंबरत व्हती?”

“नाई. नुस्ती उभी व्हती.” सोजरबाई खाली बसली. “बाई, चांगलं बोल. मनातून नसन तरी बोल. एक शब्द.”

“तू मले बोलली व्हती चांगलं,” तुळसाबाई म्हणाली. “मी बैल सोडले. त्या दिवशी पेरनीबी तुहीच झाली.”

हे कधीतरी ऐकावं लागणार हे सोजरबाईला ठाऊक होतं. पाच वर्षांत तिने त्यावर कितीतरी उत्तरं जुळवून ठेवली होती. पण पेरणी आपल्या मनात होती की नव्हती, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

तुळसाबाई आता काहीही बोलू शकत होती. पहिलं तोंड तिचं होतं आणि ते दोघींनाही कळत होतं. तिने सुपातला एक खडा शोधला, तो लांब फेकला.

“मी अर्थ सांगत नाई,” ती म्हणाली. “चांगलाबी नाई अन् वाईटबी नाई. तू त्याच्याकडं जाय. मले त्या दिवशी कोणी जाय म्हटलं असतं, तं मी गेली असती. पोरगी वाचली नसती कदाचित. पन तिले दाराकडं पाहावं लागलं नसतं.”

“सारं वाशीम आजारी हाय म्हंतात.”

“मंग कायले बसली इथं?” तिने सूप बाजूला ठेवून उडदावर फडकं टाकलं. “तोंड धू. गाडीले येळ हाय. मी भाकरी बांधतो. मीबी येतो.”

टपालगाडीत फारसं कोणी नव्हतं. दोघी समोरासमोर बसल्या. भाकरीची पुरचुंडी तुळसाबाईने मांडीवर धरली होती.

जिन बंद होता. हंगामापूर्वीची डागडुजी करायला ठेवलेले मजूर पळाले होते किंवा पडून होते. मागच्या पत्र्याच्या खोपटात देवला नावाचा तांड्यावरचा गडी भेटला. तो स्वतः नुकता तापातून उठला होता. भिंत धरून चालत होता. इंद्रभानला पाणी पाजायचं काम तोच करत होता. जऊळक्याला निरोप का नाही दिला, असं सोजरबाईने विचारलं.

“कोण नेते, माय?” देवला म्हणाला. “अन् थो नोको म्हने. माय भेईन म्हने.”

इंद्रभान सरकीच्या पोत्यावर पडला होता. ओठ निळसर झाले होते, श्वासाला घरघर होती. सोजरबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आवाजावरून त्याने तिला ओळखलं. ती कशी आली, काय जेवली, असं तो विचारू लागला. मग तो भरकटायचा आणि परत यायचा. तुळसाबाईने काही न विचारता घागर शोधली, पाणी आणलं, लुगड्याचा जुना तुकडा फाडून भिजवला.

दुपारनंतर त्याने डोळे उघडले आणि सोजरबाईच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

“माय, दारात कोन उभं हाय? मोठं हाय. पंखं हायेत त्याले.”

सोजरबाईच्या जिभेवर प्रश्न आलाच होता. तोंड कसं आहे, पंख मिटलेले की पसरलेले. तिने वळून पाहिलं. दाराच्या उजेडात तुळसाबाई दोन्ही हातांनी ओलं फडकं झटकत होती.

“मोठी माय हाय रे,” ती म्हणाली. “फडकं पिळून राह्यली.”

“मोठी माय?” त्याने डोळे बारीक करून पाहिलं. “बोलते का तुह्यासंगं?”

“बोलते.”

“बरं झालं,” तो म्हणाला. तुळसाबाई आत आली आणि तिने फडकं त्याच्या कपाळावर ठेवलं. त्याने तिचा हात धरून ठेवला, म्हणून ती तिथेच बसली. एक पाय मुडपलेला होता, तो तिला सरळही करता आला नाही.

उजाडता उजाडता तो गेला. प्रेत जऊळक्याला नेणं शक्य नव्हतं. बैलगाडीवाला मिळत नव्हता. देवलाने आणि आणखी एका मजुराने जिनातल्या मोडक्या फळ्या गोळा केल्या. अग्नी देवलाने दिला. सोजरबाई रडली नाही असं नाही, पण तिला रडायलाही जागा सापडत नव्हती. स्मशानात आजूबाजूला दुसऱ्यांचंच रडणं एवढं होतं.

परतीच्या गाडीत दोघी एका बाकावर बसल्या. तुळसाबाईने दोन रात्री डोळा मिटला नव्हता. गाडी सुटल्याबरोबर तिची मान झुकली आणि डोकं सोजरबाईच्या खांद्यावर आलं. सोजरबाई ताठ बसली. धक्क्यांनी खांदा हलू नये म्हणून तिने गाडीचा दांडा घट्ट धरला.

झोपेत तुळसाबाई काहीतरी पुटपुटली. तिचा हात उचलला, कोणाला तरी थांबवावं तसा, आणि पुन्हा मांडीवर पडला. जऊळका जवळ आलं तशी ती दचकून जागी झाली. डोळ्यांत अजून दुसरीच जागा होती.

“सोजरे,” ती म्हणाली, “मले आता स्वप्नात दिसलं का...”

“राहू दे, बाई,” सोजरबाई म्हणाली. गाडी थांबली होती. ती आधी उतरली. खाली रस्त्यावर नुसती खडी होती. तिने दोन्ही पाय नीट रोवले आणि जावेला उतरवून घ्यायला हात वर केला.