ठमीचा फोल्डर

पाना तिसऱ्या लॅपटॉपवर बसला तेव्हा एक तुकडा उडून सेटअपकाकांच्या चष्म्यावर आपटला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. समोर एक माणूस हातभर लांबीचा लोखंडी पाना घेऊन ऑफिस फोडत होता. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होता आणि डाव्याने घाव नीट बसत नव्हता, म्हणून तो एकेका लॅपटॉपला दोन-दोनदा मारत होता.

दाराशी वॉचमन नाक धरून बसला होता. त्याच्या बोटांमधून रक्त गळून निळ्या शर्टावर उतरलं होतं. तरुण मंडळी जिन्याने कधीच पसार झाली होती. साहेब मीटिंगच्या काचेच्या खोलीत आतून कडी लावून उभे होते आणि फोन कानाला लावून तोंड हलवत होते.

"कोणी केलंय? एकेकाने बोला! कोणी केलंय हे?"

बोलायला सेटअपकाका सोडून कोणी उरलं नव्हतं. त्या माणसाने खांद्यावरचं पोतं टेबलावर आपटलं आणि त्यातून एक लोखंडी डबा काढला. डब्याला तोडलेल्या वायरी लोंबत होत्या. पत्रा कापायच्या प्रेसवरून, ती चालवणारा डबाच उपटून आणला होता त्याने.

"ह्याच्यावर तुमचाच शिक्का आहे ना?"

"आहे."

"तू कोण? तुझं काय काम इथं?"

"नवीन माणूस आला की त्याचं मशीन तयार करून देतो. सगळं भरायचं, जोडायचं, प्रोजेक्ट चालू करून द्यायचा."

"म्हणजे फिटर."

"हो. फिटरच म्हणा."

त्याने पाना टेबलाला टेकवला. दम लागला होता त्याला. मग म्हणाला, "मी प्रेसवर होतो. सोळा वर्षं. पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर, पेडल. तोंडाशी सेन्सर असतो. हात आत असला तर प्रेस खाली येत नाही. पेडलवर नाचलास तरी येत नाही. त्या दिवशी पत्रा वाकडा बसला म्हणून हात घातला. आणि आली ना खाली." त्याने बँडेज काकांच्या तोंडासमोर धरलं. औषधाचा आणि शिळ्या रक्ताचा वास आला. "चार बोटं. आवाज पण नाही झाला. पत्र्याला होतो तेवढासुद्धा नाही. मालक म्हणतो, तू सेन्सरवर टेप लावलीस, काम लवकर उरकायला. दुसऱ्या दिवशी काढून टाकलं मला. घरी बायको म्हणते, लावली असेल हो तुम्ही, आठवत नसेल. माझी बायको! मी लावली नव्हती. उघड हा डबा. आत काय भरलंय ते वाच. माझ्यासमोर."

"वाचायला प्रोजेक्ट लागतो, ह्या डब्यांचा प्रोग्रॅम," काका म्हणाले. "तो ज्या मशीनांवर होता, ती तुम्ही फोडली. कपाटात एक कोरं आहे."

"मग भर त्याच्यात."

"वेळ लागेल."

"मला आता वेळच वेळ आहे."

काकांनी खोकं फोडलं, लॅपटॉप काढला. प्रेसवाला त्यांच्या पाठीमागे उभा राहिला. पान्याचं थंड टोक काकांच्या मानेवर टेकलं आणि तिथंच राहिलं.

बावीस वर्षं काका हेच करत आले होते. प्रोजेक्ट उतरवून घ्यायचा, चालवायचा, तो लाल अक्षरांत आडवा पडणार, मग एकेक कारण शोधत त्याला उभा करायचा. पोरं चिडायची, टेबलं बडवायची. काका म्हणायचे, अरे, तो भांडत नाहीये, काय पाहिजे ते सांगतोय.

लाल ओळ आली.

"काय झालं?" पाना मानेत रुतला.

"जुन्या पद्धतीचं अवजार मागतोय. ह्या मशीनमध्ये नवीन आहे. जुनं उतरवून घेतो."

"नव्या डायला जुना बोल्ट बसत नाही, तसं?"

"अगदी तसं."

जुनं उतरलं. काकांनी परत चालवलं. परत लाल. पाना मानेवरून उठला आणि धाडकन टेबलावर आला. काकांच्या करंगळीपासून बोटभर अंतरावर कप होता, त्याचे तुकडे झाले. गार चहा कागदांवर पसरला.

"नाटक करतोस? पोलीस येईपर्यंत टाइमपास करतोस?"

"नाटक नाही हो. पहिल्या झटक्यात कधीच चालत नाही. बावीस वर्षांत एकदासुद्धा नाही. हे बघा, डब्याशी बोलायला कोणतं भोक वापरायचं ते त्याला माहीत नाही. मी सांगतो त्याला."

त्यांनी सांगितलं. तिसऱ्यांदा चालवलं. आणि ती ओळ आली, जी काकांना येणार हे ठाऊकच होतं.

ठमी हा फोल्डर सापडला नाही.

ठमी म्हणजे काकांची बायको. नाव वेगळं होतं, ठमी घरातलं. हा प्रोजेक्ट तिने उभा केला होता. त्या काळी घाईत तिने आपल्या मशीनवरच्या फोल्डरला हेच नाव दिलं आणि प्रोजेक्टला तोच पत्ता सांगून ठेवला. नंतर बदलू म्हणाली. राहिलं ते राहिलं. त्यामुळे कुठलंही नवं मशीन पहिल्यांदा ठमीला शोधायचं आणि ती नाही म्हणून अडून बसायचं. ऑफिसात त्याचे विनोद व्हायचे. "काका, ठमी परत रुसली!" असं पोरं ओरडायची आणि ती पलीकडच्या टेबलावरून म्हणायची, "रुसणारच. मला विचारल्याशिवाय चालू करता!"

चार वर्षांपूर्वी ती त्याच टेबलावर डोकं टेकून गेली. डोक्यातली नस फुटली. अर्धा तास सगळ्यांना वाटत होतं, डुलकी लागली आहे. काकांनाही. त्यांनी तर तिच्या खांद्यावर शाल टाकली होती.

एक ओळ बदलली असती तर पत्ता बदलला असता. काकांनी ती बदलली नाही. कोणाला हातही लावू दिला नाही. तिचा फोल्डर त्यांनी होता तसा उचलून पेनड्राइव्हवर घेतला आणि तो किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवला. नवं मशीन आलं की तो सबंध त्यावर टाकायचा. मशीन म्हणायचं, ठमी सापडत नाही. काका म्हणायचे, ही घे. रीतच होऊन बसली होती ती.

आताही त्यांनी जुडगा काढला, फोल्डर टाकला. लाल ओळ गेली. प्रोजेक्ट उभा राहिला. काकांनी डब्याला वायर जोडली.

"आता वाचतो."

पडद्यावर डब्यातली यादी सरकत आली. प्रेसचा दाब, वेग, पेडल. प्रेसवाला वाकून बघत होता. त्याचा श्वास काकांच्या कानाला लागत होता. मग एक ओळ आली, आणि काकांचा हात थांबला.

सेन्सर तपासणी: बंद. कुठून घेतलं: ठमी.

ऑफिसात खरी प्रेस नव्हती. ठमीच्या टेबलावर नुसते दिवे लावलेला एक खोका होता. त्याला सेन्सर नसल्याने काम पुढे जाईना, म्हणून तिने स्वतःपुरती तपासणी बंद केली होती, स्वतःच्या फोल्डरमध्ये. आणि प्रोजेक्टची रीत अशी की फोल्डरमध्ये जे लिहिलंय ते आधी मानायचं, बाकीचं नंतर. पोरांच्या मशीनवर त्याने काही बिघडत नव्हतं. पण कारखान्यांना जाणारे डबे ज्यावरून भरले जायचे, ते मोठं मशीन ठमीने स्वतः लावलं होतं आणि त्यावर तिने हा फोल्डर रिकामा ठेवला होता. मुद्दाम. ते मशीन दोन महिन्यांपूर्वी जळालं. नवं काकांनी लावलं. त्यावर लाल ओळ आली, ठमी सापडत नाही. काकांनी जुडगा काढला आणि सबंध फोल्डर टाकला. ओळ गेली. काका चहा प्यायला गेले.

"काय आहे? बोल ना!" प्रेसवाल्याने कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उचललं.

काचेच्या खोलीची कडी निघाली, तशी प्रेसवाल्याने कॉलर सोडली. साहेबही यादी बघत होते, काचेतून. ते हात वर करून बाहेर आले, पण डोळे पडद्यावर होते. काकांच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "बंद कर ते. ताबडतोब."

"साहेब, तपासणी बंद गेलीय."

"दिसतंय मला. आणि कोणाच्या फाइलमधून गेलीय तेही दिसतंय." साहेबांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, तिचं नाव आहे त्यात. तिच्यावर जाऊ दे. तिने चूक करून ठेवली, आपल्याला माहीत नव्हतं. तिला आता काय फरक पडणार आहे? तुझी नोकरी राहील, कंपनी राहील." आणि त्यांनी वायरीला हात घातला.

काकांनी आयुष्यात कोणावर हात उचलला नव्हता. त्यांनी शेजारचा तुटका लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला आणि साहेबांच्या तोंडावर मारला. ओठ फाटला. साहेब टेबलाच्या कडेवर पडले. काकांनी परत उचलला, परत मारला. दुसऱ्या फटक्याला दात तुटल्याचा आवाज झाला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा प्रेसवाल्यानेच त्यांना पोटाला विळखा घालून मागे ओढलं.

"अरे, मरेल तो! म्हाताऱ्या, झालं काय तुला?"

काका धापा टाकत म्हणाले, "तुम्ही टेप लावली नव्हती. सेन्सर इथूनच बंद होऊन गेला."

प्रेसवाल्याचा विळखा सुटला. "ठमी कोण? इथं ठमी लिहिलंय. बोलाव तिला."

"माझी बायको. चार वर्षं झाली जाऊन."

"मग मेलेल्या बाईने माझा हात..."

"तिने नाही," काका म्हणाले. "तिने नीट ठेवलं होतं. मी टाकलं ते. न वाचता. मी केलंय."

सकाळपासून ज्याला शोधत होता तो माणूस प्रेसवाल्याला सापडला होता. पाना उठला. काकांनी उजवा हात आडवा केला, मुद्दाम की आपोआप कोण जाणे. मनगटाच्या वर हाड मोडलं. त्याचा मात्र चांगला आवाज झाला. काका गुडघ्यावर आले. पाना परत उठला.

"मारा," काका म्हणाले. "पण आधी फोन करू द्या. दोन महिन्यांत हा सोडून अकरा डबे गेलेत इथून. अकरा प्रेस. आत्ता चालू असतील. जेवणाची सुट्टी व्हायचीय अजून."

पाना वरच राहिला. प्रेसवाला काकांकडे बघत होता, पण दिसत त्याला दुसरंच काहीतरी असावं. मग त्याने पाना खाली टाकला. "नंबर सांग," तो म्हणाला.

कारखान्यांची यादी भिंतीवर होती. काका नंबर वाचायचे, प्रेसवाला डाव्या अंगठ्याने दाबायचा आणि फोन काकांच्या तोंडाशी धरायचा. "प्रेस बंद करा. सेन्सर चालत नाही. हात घालू देऊ नका कोणाला." एका ठिकाणी कोणीतरी हुज्जत घालू लागला तेव्हा प्रेसवाल्याने फोन स्वतःकडे ओढला. "बंद कर, भडव्या! माझी चार बोटं गेलीत. तुला कोणाची पाहिजेत?" नवव्या कारखान्यात बराच वेळ कोणी उचलेना. दोघेही नुसते ती वाजणारी घंटा ऐकत बसले. मग एका बाईने उचललं आणि म्हणाली, आमचा डबा अजून खोक्यातच आहे. प्रेसवाला भिंतीला टेकून खाली बसला.

अकरा झाल्यावर तो म्हणाला, "मला लिहून दे. टेप नव्हती म्हणून. बायकोला दाखवायचंय."

काकांनी डाव्या हाताने लिहिलं. कागद सरकत होता, म्हणून प्रेसवाल्याने तो आपल्या डाव्या हाताने दाबून धरला. पहिलीतल्या मुलासारखं अक्षर आलं. जिन्यावर बूट वाजले तेव्हा काका सही करत होते.

हवालदाराने आधी प्रेसवाल्याला धरलं. काका म्हणाले, "माझं पण लिहून घ्या. साहेबांना मी मारलंय. आणि ह्याचा हात पण माझ्याच नावावर लिहा."

"हात कसा काय?" हवालदार म्हणाला.

"सांगतो. जरा वेळ लागेल समजायला."

दीड महिन्याने, काका जामिनावर असताना, कंपनीने त्यांना एका दिवसापुरतं बोलावलं. प्रोजेक्ट साफ करून द्या, दुसऱ्या कोणाला उलगडत नाही, म्हणून. साहेब समोर आले नाहीत. प्लॅस्टरमधला हात टेबलावर ठेवून काका डाव्या हाताने काम करत राहिले. सगळ्या मशीनवरून त्यांनी फोल्डर काढला. जुडग्यातल्या पेनड्राइव्हवरूनही काढला. मशीनने विचारलं, नक्की ना? त्यांनी हो म्हटलं. मग प्रोजेक्टमधली ती ओळ उघडली आणि पत्ता बदलला. चार मिनिटांचं काम होतं.

नवा लॅपटॉप त्यांनी सुरू केला, प्रोजेक्ट उतरवून घेतला आणि चालवला. एकही लाल ओळ आली नाही. पहिल्या झटक्यात उभा राहिला. शेजारची मुलगी म्हणाली, "वा काका! काहीच नाही मागितलं त्याने?"

"नाही," काका म्हणाले.

आणि तरीही ते थोडा वेळ पडद्याकडे बघत बसून राहिले.