लोखंडी पट्टी

"यात खडा नाही," टाचकाकांनी तिसऱ्यांदा बुटात हात घालून सांगितलं.

"आहे हो काका. डाव्यात. बोटांच्या खाली. चालताना सारखा टोचतो."

"मग तूच घाल हात."

पार्लरवालीने हात घातला, चाचपलं, अस्तर उचलून पाहिलं. मग बूट उपडा करून झटकला. खाली काही पडलं नाही. तिने काकांकडे असं पाहिलं की जणू खडा त्यांनीच खिशात टाकला होता.

काकांची टपरी चौकाच्या कोपऱ्यावर होती आणि ते सव्वीस वर्षं तिथे बसत होते. टाच बसवावी तर त्यांनीच, असं लोक म्हणत, म्हणून नाव पडलं टाचकाका. समोरच्या पार्लरमध्ये केस कापणारी ही मुलगी वर्षभरापासून त्यांचं गिऱ्हाईक होती. दिवसभर उभं राहायचं काम, त्यामुळे पायताणांची काळजी घ्यायची. बडबड इतकी, की काकांना तोंडात खिळे धरायची सोय राहायची नाही, कारण मधेच हसू यायचं.

"खड्याचं जाऊ द्या," ती म्हणाली. "हे टोक बघा. उजवा अजून नवा आहे आणि डावा कुत्र्याने चावल्यासारखा झालाय. त्या पोस्टमनच्या बुटाला तुम्ही लोखंडी पट्टी ठोकलीत ना, तशी याला ठोका. झिजायची कटकटच नको."

काकांनी बूट उलटा धरला आणि सोलच्या पुढच्या कडेवरून अंगठा फिरवला. टोक करंगळीच्या बाजूने तिरकं घासलं गेलं होतं. पाय पूर्ण उचलला जात नाही, जमिनीला घासत पुढे येतो, तेव्हाच असं झिजतं.

हा उतार त्यांनी आधी एकदा पाहिला होता. पाहिला होता, पण ओळखला नव्हता.

बायकोची डावी चप्पल अशीच झिजायची. एकदा त्यांनी चामड्याचं ठिगळ लावलं. दीड महिन्यात ते गेलं, मग दुसरं लावलं. तेही गेलं तेव्हा त्यांनी चिडून लोखंडी पट्टी ठोकली. झिजणं थांबलं. काका खूश झाले होते. घरच्या चपलेला पट्टी कशी बसली आहे, हे त्यांनी शेजाऱ्यालासुद्धा दाखवलं होतं. चप्पल शाबूत राहिली आणि पाठीच्या कण्यातली गाठ आत वाढत गेली. डॉक्टरकडे पोचले तोवर फार उशीर झाला होता. तिला जाऊन आता चार वर्षं झाली होती.

"पट्टी ठोकणार नाही," ते म्हणाले.

"संपली?"

"डबाभर आहे. ठोकणार नाही."

"आता यात रुसण्यासारखं काय आहे?"

"पाय बधिर होतो का?"

"दिवसभर उभी असते काका. सगळ्यांचेच होतात."

"इथे उभी राहा. पाय जुळव. डोळे मीट."

"तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"मीट म्हणतो ना."

तिने हसत डोळे मिटले. हसू पूर्ण व्हायच्या आत ती कडेला कलली आणि टपरीचा खांब तिने दोन्ही हातांनी धरला. तिच्या चेहऱ्यावरची थट्टा उतरली. असं उभं राहायला डॉक्टरांनी बायकोलाही सांगितलं होतं. तेव्हा खांब काका झाले होते.

"सकाळपासून काही खाल्लं नाही म्हणून," ती म्हणाली.

"कसलं काही घेतेस का? गोळी, औषध?"

"दारूला हात लावत नाही मी. आईची शपथ."

"दारू नाही विचारलं."

ती खांब सोडून स्टुलावर बसली. बुटाच्या नाडीशी चाळा करत म्हणाली, "फुगा घेतो आम्ही. शनिवारी. मैत्रिणीकडे सगळे जमतो तेव्हा."

"कसला फुगा?"

"गॅस असतो. केकवरचं क्रीम फुलवायला वापरतात तो. फुग्यातून ओढला की मिनिटभर डोकं हलकं होतं, हसू येतं. मग संपलं. दाताचे डॉक्टरसुद्धा देतात काका, म्हणजे औषधच झालं की. आणि मी वर गोळ्या घेते जीवनसत्त्वाच्या. सगळेच घेतात, म्हणजे त्रास होत नाही."

"किती फुगे?"

"एखाददुसरा."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नाडीकडे पाहिलं.

गॅसबद्दल काकांना काडीचीही माहिती नव्हती. बुटाबद्दल होती. त्यांनी डावा बूट उचलून आपल्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग गिऱ्हाइकांना तात्पुरत्या द्यायच्या चपलांतला एक जोड तिच्यासमोर टाकला.

"बूट उद्या अकरा वाजता मिळेल. मोठ्या दवाखान्यात, नसांच्या डॉक्टरांच्या दारात."

"ही दादागिरी झाली."

"झाली."

*

दुसऱ्या दिवशी ती आली. एका चपलेचा अंगठा निळ्या दोरीने बांधलेला, दुसरी दोन नंबर मोठी. "अख्ख्या पार्लरने हसून घेतलं," ती म्हणाली आणि काकांच्या शेजारच्या बाकावर बसली. काकांनी टपरी दिवसाढवळ्या बंद ठेवली होती. असं याआधी फक्त बायकोच्या आजारपणात घडलं होतं.

डॉक्टरीणबाई बायकोच्या वेळच्याच होत्या. केस जास्त पिकले होते. त्यांनी मुलीच्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, पायाच्या अंगठ्याला कंप पावणारा चिमटा लावून "थरथर कळते का" विचारलं. उजव्याला थोडी कळत होती. डाव्याला नाही.

"हे कधीपासून?"

"झाले असतील दोन आठवडे," मुलगी म्हणाली.

याच खोलीत, याच प्रश्नाला बायको म्हणाली होती, महिनाभर झाला असेल. काकांना दोन ठिगळं आणि एक पट्टी ठाऊक होती. म्हणजे पहिली झीज दिसल्यापासून सात महिने. पण आपणच पट्टी ठोकून गप्प बसलो, हे सांगायची त्यांना लाज वाटली होती. ते तेव्हा खाली मान घालून बसले होते.

त्यांनी पिशवीतून बूट काढला आणि टेबलावर ठेवला.

"डॉक्टर, हा सोल माझ्या हातचा आहे. घालून तीन महिने होत आले. हे रबर कडक आहे, दोन आठवड्यांत इतकं जात नाही. ही कड निदान दोन महिने घासतेय."

डॉक्टरीणबाईंनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तुम्ही पेशंटचे कोण?"

"मी यांचे बूट दुरुस्त करतो."

बाईंनी मान डोलावली, बूट परत टेबलावर ठेवला आणि मुलीकडे वळल्या. "आता फुग्यांचं खरं सांग. मी पोलीस नाही."

मुलीने खरं सांगायला वेळ घेतला. आधी महिन्यातून एकदा होतं. मग दर शनिवारी. मग रविवारीही. एका बैठकीला तीस, कधी चाळीस.

"चाळीस?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"मिनिटभरच टिकतो ना काका तो. मग पुढचा घ्यावा लागतो."

"त्याच मिनिटांचा हा हिशेब आहे," बाई म्हणाल्या. "वायरीला जसं प्लास्टिकचं आवरण असतं तसं नसांना असतं. ते शाबूत ठेवायला बी-बारा लागतं. हा गॅस शरीरातलं बी-बारा निकामी करतो. आवरण सुटतं. मग खडा टोचल्यासारखं वाटतं, पाय घासतो, तोल जातो. पुढे लघवीवरचा ताबाही जातो."

"पण मी गोळ्या घेते. बी-बाराच्याच."

"गळक्या बादलीत पाणी ओततेस. भोक तसंच आहे. रक्तात आकडा चांगलासुद्धा दिसेल, पण ते बी-बारा कामाचं नसेल. म्हणून मी दुसरी तपासणी आणि मणक्याचा फोटो लिहून देते. इंजेक्शनं आजच सुरू करायची. आणि फुगा बंद म्हणजे बंद. एकही नाही."

"मग होईल ना पहिल्यासारखं?"

"बरंचसं होईल. पूर्ण होईल असं वचन मी देणार नाही. आणखी दोन महिन्यांनी आली असतीस तर एवढंही बोलले नसते."

दोघं बाहेर आली. काकांनी बाकावर बसून पिशवीतली आरी काढली आणि बुटाच्या सोलवर, झिजलेल्या भागाच्या मागे, एक बारीक रेघ ओढली.

"ही रेघ. बूट तसाच घालायचा. दर सोमवारी इंजेक्शन झालं की मला सोल दाखवायचा. झीज रेघेला टेकली तर पाय पुन्हा घासतोय, हे मला कळेल."

"मला न विचारता?"

"तू काय खरं सांगतेस?"

ती हसली. कालपासून पहिल्यांदा.

*

पाच सोमवार ती आली. बूट उचलून दाखवायची, "घ्या, हजेरी," म्हणायची. रेघ शाबूत होती. सहाव्या सोमवारी आली नाही.

मंगळवारी काकांनी टपरीच्या वरच्या फळीवरून कागदात गुंडाळलेली एक जोडी काढली आणि ते रस्ता ओलांडून पार्लरमध्ये गेले. तिथे पुरुषाने पाऊल टाकायची पद्धत नव्हती. केसांना रंग लावून बसलेल्या दोन बायकांनी आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. मालकीणताईंनी मागच्या खोलीकडे बोट केलं.

मुलगी धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसली होती.

"मला बोलू नका," ती म्हणाली. "माझं मीच पुष्कळ बोलून झालंय. वाढदिवस होता मैत्रिणीचा. म्हटलं, इतकं बरं वाटतंय, तीन घेतले तर काय होतं. काल हातातून कंगवा पडला. आज कात्री. गिऱ्हाईकबाईंच्या मांडीवर. टोकदार बाजू वर होती म्हणून वाचल्या."

"बोलायला नाही आलो."

काकांनी कागद उलगडून चपला टॉवेलांवर ठेवल्या. डाव्या चपलेच्या टोकाला लोखंडी पट्टी होती. पट्टी अजून चकचकीत होती, कारण ती लावल्यावर चप्पल फार दिवस चालली नाही.

"माझ्या बायकोच्या. तुझ्यासारखंच टोक झिजायचं. मी दोन ठिगळं लावली आणि मग ही पट्टी ठोकली. पट्टीच्या आधीही ती जिना चढून यायची तेव्हा पायरीवर पाय खर्र घासायचा. मी आवाज ऐकून चहा टाकायचो. वाटायचं, दमली असेल. पट्टी छान बसलीय. सात महिने मी तो आवाज ऐकला, पोरी, आणि सात महिने चहा टाकला."

मुलगी चपलेकडे पाहत राहिली.

"तिला गाठ होती. तुझं वेगळं आहे. तिने कसला फुगा ओढला नव्हता. तिच्या हातात काहीच नव्हतं. माझ्या हातात होतं, आणि ते सात महिने मी चपलेवर खर्च केले."

बाहेर केस वाळवायचं यंत्र सुरू झालं. ते बंद झालं. मग तिने खिशातून फोन काढून पुढे केला.

"गॅस आणून देतो त्याचा नंबर आहे. काढून टाका. आणि शनिवारवाल्या ग्रुपमधूनही मला काढा. माझी बोटं धड चालत नाहीत."

काकांनी फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "कुठून काढतात?"

"आणा इकडे," दारातून मालकीणताई म्हणाल्या. त्यांच्या बोटांना रंग लागला होता, तो पुसायलाही त्या थांबल्या नाहीत. "दवाखान्यात आज मी नेते हिला. कात्री पडली ती माझ्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर, म्हणजे आता हे माझंही काम झालं."

*

त्यानंतर एकही सोमवार चुकला नाही. इंजेक्शन आधी आठवड्याला होतं, मग महिन्याला. कात्री हातात नीट बसायला चार महिने लागले. तोवर ती फोन घेत होती, टॉवेल घड्या करत होती, गिऱ्हाइकांना हसवत होती. सातव्या महिन्यात ती टपरीवर आली आणि स्टुलावर बसून तिने डावा बूट काढला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुधारायचं ते बहुतेक सुधारलं. डावा अंगठा जड आहे तो जडच राहील. दमले की घासणार." ती हे सपाट आवाजात म्हणाली, रात्रंदिवस घोकून ठेवल्यासारखं. "आता तर पट्टी ठोकाल?"

काकांनी बूट घेतला. रेघ अजून दिसत होती. झीज तिच्या अलीकडे थांबली होती. त्यांनी डबा उघडला. लोखंडी पट्ट्या बाजूला सारल्या आणि तळातून काळ्या रबराचा तुकडा काढला.

"लोखंड नाही. रबर लावतो."

"ते झिजेल की."

"झिजलं पाहिजे. झिजलं की तू इथे येशील, आणि मी बघेन किती झिजलं ते."

"म्हणजे जन्मभर हजेरी."

"माझ्या जन्मभर. पुढचं तू बघ."

त्यांनी तुकडा तासला, चिकटवला, कडेने चार बारीक खिळे मारले. तिने बूट घातला, उठली आणि टोक आपटून पाहिलं. मग पाय जुळवले, न सांगता डोळे मिटले आणि उभी राहिली. थोडी हलली. खांबाला हात लावला नाही.

"येते काका."

"ये."

ती रस्त्याकडे वळली. काकांनी पुढचा बूट ठोकायच्या लोखंडी पायावर उपडा घातला, खिळे ओठांत धरले, हातोडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. पावलं ऐकू येत होती. टक, टक, टक. रस्त्याच्या मध्यावर एकदा, अगदी हलकं, घासलं. मग पुन्हा टक, टक. पार्लरचं दार उघडून बंद झालं.

काकांनी हातोडी खाली आणली.