पंधरा मिनिटांची राखण

मी एक जुनी कडी आहे, दवाखान्यातल्या औषधांच्या खोलीची, दाराच्या आतली. मित्रांनो, मी फुशारकी मारायला बोलत नाहीये. मला लाज वाटते, म्हणून बोलतेय.

मला बसवली तेव्हा कंपाउंडरकाका म्हणाले होते, "हिला हत्तीसुद्धा हलवणार नाही!" तेवढ्यावर मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पेशंटचे नंबर लावणाऱ्या ताई रोज दुपारी पंधरा मिनिटं आत यायच्या. मला लावायच्या, चपला काढून खोक्यावर बसायच्या आणि डोळे मिटायच्या. सकाळपासून साठ जणांशी बोललेल्या असायच्या बिचाऱ्या. मला मात्र वाटायचं, काय बाई माणूसघाणी! बाहेर सगळे हसतखेळत डबे खातायत नि ही इथे कापसाच्या गठ्ठ्यांत. मला पहिल्यापासून गप्पांची भारी हौस.

एकदा सिस्टरचा वाढदिवस होता. ताईंना बोलवायला काकांनी दार ढकललं. माझा एक स्क्रू ढिला होता, हे खरं. पण मी तग धरू शकले असते. म्हटलं, होऊ दे जरा गंमत. आणि सुटले.

"अहो ताई, अंधारात काय करताय?" सगळे हसले.

ताई धडपडत उठल्या. "काही नाही, कापूस शोधत होते." पाय अनवाणी, हात रिकामे. तो चेहरा आठवला की अजून मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मग रोज कुणीतरी मायेने दार ठोठावायचं, "बरं आहे ना?" ताईंनी येणंच सोडलं. महिन्याभरात त्या एका आजोबांवर खेकसल्या, "एकदा सांगितलेलं कळत नाही?" आजोबा तपासून न घेताच परत गेले. ताई याच खोलीत डॉक्टरबाईंपाशी रडल्या.

"मी नोकरी सोडते."

"माणसांचा कंटाळा आला का?"

"नाही हो, माणसं आवडतात मला. पण रोज थोडा वेळ कुणीच नको असतं. नाहीतर दुपारनंतर माझ्यात काही उरतच नाही."

डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर त्याच संध्याकाळी काकांनी माझे चारही स्क्रू आवळले. "चुकलंच आमचं," एवढंच पुटपुटले. आजोबांना ताईंनी स्वतः फोन करून बोलावलं.

आता ताई पुन्हा येतात. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणी दार लावून गप्प बसत असेल. ते रुसलेलं नसतं. त्याला तेवढा वेळ बसू द्या.

मी आता घट्ट आहे, हत्तीनेही हलायची नाही. पण ताई मला लावतात आणि मग ते जड खोकं दारापाशी सरकवून त्यावर बसतात.